माझ्या गाऱ्हाण्याला लागलेली कात्री

वाटणीच्या दाव्यासाठी मी वकिलांना पानंच्या पानं लिहून दिली होती. आईच्या आजारपणात कोण आलं नि कोण फिरकलं नाही, वडिलांच्या तेराव्याला धाकटा भाऊ चारचौघांत काय बोलला, माझ्या लग्नातल्या खर्चाची आठवण मला किती वेळा करून दिली गेली, सगळं त्यात होतं. वादपत्राचा मसुदा हातात आला तेव्हा त्यात उरली होती वंशावळ, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, दाव्याचं कारण कधी घडलं ती तारीख आणि शेवटी मागणी. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "या माणसाला माझी केस कळलेलीच नाही." आज माझं मत नेमकं उलट आहे. त्या कात्रीइतकं मोलाचं काम वकिलांनी माझ्यासाठी दुसरं केलं नाही.

दावा लावण्यापूर्वी कोर्टाबद्दल माझी एक समजूत होती, आणि ती बहुतेकांची असते. दोघांचं ऐकून न्यायाधीश सांगणार, कोण चांगला आणि कोण वाईट. त्यामुळे भावांवर दावा लावणारी बहीण म्हणजे माहेर तोडायला निघालेली बाई, हेही मला पटलेलं होतं. शाळेतल्या एका सहकारी शिक्षिकेला मी स्वतः सांगितलं होतं, हक्कसोडपत्रावर सही करा आणि मोकळ्या व्हा.

वकिलांनी समजावलं ते असं. "बाई, वादपत्रात घटना लिहायच्या, पुरावा आणि मनस्ताप नाही." दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ची आहे आणि तिच्यातला नियमच तसा आहे: दाव्याला आवश्यक तेवढ्याच घटना, तेही थोडक्यात. दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटली. आपण जे जे लिहितो, ते समोरच्याला कैफियतीत एकेक करून नाकारावं लागतं; जे नाकारलं नाही ते मान्य केल्यासारखं धरतात. म्हणजे "आईच्या आजारपणात आला नाही" असं मी लिहिलं असतं, तर "वादी खोटं सांगते" असं भावाला सहीनिशी लिहावं लागलं असतं. मग उलटतपासणीत त्याचे वकील मला त्याच रात्रींबद्दल विचारणार, माझे वकील त्याला विचारणार, आणि आईचं मरण निशाणी लागून फाइलीत पडणार. निकालाला या सगळ्याचा काडीचा उपयोग नाही. माहेर दाव्याने तुटतं असं मी मानत होते. पण दाव्यात काय काय कोंबलं, त्यावर ते जास्त ठरतं.

गाऱ्हाणं छाटल्यावर खरा प्रश्न दिसायला लागला. भावांचं म्हणणं होतं की वडील हयात असतानाच तोंडी वाटणी झाली होती. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः, मुलाइतकाच हक्क दिला. दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ला वडील हयात असायला हवेत का, हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२०च्या विनीता शर्मा निकालात मिटवला: तशी गरज नाही. २० डिसेंबर २००४पूर्वीच्या वाटण्या अबाधित आहेत, पण वाटणी म्हणजे नोंदवलेला दस्त किंवा कोर्टाचा हुकूमनामा. तोंडी वाटणी मान्य व्हायची तर सरकारी कागदांचा भक्कम आधार लागतो, आणि तोही अपवाद म्हणून. म्हणजे आमच्या घरातल्या साऱ्या कडूपणातून कोर्टापुढे एवढाच मुद्दा राहिला: ती वाटणी सिद्ध होते का? जो म्हणतो त्याने सिद्ध करायचं. त्याचं उत्तर फेरफारात आणि जुन्या सातबाऱ्यांत शोधायचं होतं, कुणाच्या स्वभावात नाही.

याच काळात मला महाडचा दावा सापडला. चवदार तळ्याचा सत्याग्रह मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवला. त्यामागे एक दिवाणी दावा चालला होता, हे माझ्या शिकवण्यात कधी आलं नव्हतं. डिसेंबर १९२७मध्ये सवर्ण वादींनी महाडच्या कोर्टात दावा लावला, प्रतिवादी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम झाला. तो फेब्रुवारी १९२८मध्ये उठला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल लागला १७ मार्च १९३७ला. हजारो वर्षांच्या अन्यायाचा प्रश्न, पण कोर्टापुढे तो किती लहान होऊन आला! अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची, वादी सांगतात ती अनादी काळाची वहिवाट त्यांनी सिद्ध केली आहे का? नाही केली. निकाल आंबेडकरांच्या बाजूने.

यातून मला दोन गोष्टी उमगल्या. एक म्हणजे, मनाईचा अर्ज, आपल्याकडची 'निशाणी ५', मंजूर झाला म्हणून दावा जिंकला असं होत नाही. तिथे प्रथमदर्शनी बाजू, सोयीचा तोल आणि भरून न येणारं नुकसान एवढंच पाहतात. दुसरी गोष्ट मोठी. स्वतः बॅरिस्टर असलेल्या आंबेडकरांनी महाडला भरलेल्या डिसेंबर १९२७च्या परिषदेत मनाई हुकूम पाळला, तळ्याचं पाणी घेतलं नाही. पण त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. कोर्टात काय मागायचं आणि कोर्टाबाहेर काय बोलायचं, याची इतकी स्वच्छ विभागणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

तारखांबद्दलही माझं मत बदललं, पण पुरतं नाही. वर्षं जातात हे खरंच आहे आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. कैफियतीला तीस दिवस आणि फार तर नव्वद, असं संहितेत लिहिलेलं असूनही ती मुदत ताणली जाते. पण रोजनामा वाचायला शिकल्यावर दिसलं की बऱ्याच तारखा पक्षकारांच्याच असतात. समन्सवर पत्ता अपुरा, म्हणून बेलिफ परत. नक्कल काढायची राहिली. एखादा प्रतिवादी वारला आणि नव्वद दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर आणले नाहीत. ही माहिती वकिलांना घरबसल्या कळणार नसते, ती आपणच द्यायची असते.

म्हणून आता माझ्याकडे कुणी विचारायला आली, तर मी हक्कसोडपत्राचा सल्ला देत नाही. सोडायचाच असेल तर हक्क काय आहे ते आधी समजून घे, मग सोड, असं सांगते. महाराष्ट्रात काही प्रकारच्या वादांत स्त्री पक्षकाराला कोर्ट फी माफ आहे; आपला वाद त्यात बसतो का, ते विचारून घ्यावं. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७च्या कायद्याने कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळू शकतो. वकिलांकडे जाताना गाऱ्हाणं न्यायला हरकत नाही, पण तारखांची एक यादी आणि आपल्या विरुद्ध जाणारा कागद आधी न्यावा. आपल्या परवानगीशिवाय त्यातलं काही दुसऱ्याला सांगायला वकिलाला कायद्यानेच बंदी आहे. आणि पहिल्याच भेटीत विचारावं, माझी बाजू कुठे कच्ची आहे? "काळजी करू नका, आपणच जिंकणार" एवढंच उत्तर आलं, तर दुसऱ्या वकिलाचं दार ठोठावावं.

माझ्या दाव्यात प्राथमिक हुकूमनामा झाला आहे. हिस्सा ठरला, पण शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप संहितेच्या कलम ५४प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडून व्हायचं आहे आणि मोजणी बाकी आहे. मसुद्यातून गळालेली पानं मी फाडलेली नाहीत. त्यातलं सगळंच भावांना सुनवायचं आहे असंही नाही. काही फक्त विचारायचं आहे. ते मला समोर बसून विचारावं लागेल. त्या कामासाठी वकीलपत्र देता येत नाही.