भाचीची उमेदवारी

मंडळी, घरातले पोर पदवीधर झाले की पेढे वाटून होतात आणि दुसऱ्या दिवसापासून पारावर एकच प्रश्न सुरू होतो, ‘आता पुढे काय?’ माझी नोकरी शेती खात्यातली. गावोगाव फिरताना हा प्रश्न मी कितीतरी घरांत ऐकला. गेली दोन वर्षे तो माझ्या बहिणीच्याच घरात आहे, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहितो.

माझी भाची माझ्यासारखीच बी.एस्सी. ॲग्री झाली. तिच्या कॉलेजात एनसीसीचे अश्वदल पथक होते. पहिल्या वर्षी ती घोड्यावर बसली आणि मन तिथेच गुंतले. पहाटे पाचला उठून पागेत जायचे, खरारा करायचा, खोगीर चढवायचे, दौड झाली की घोड्याला सावकाश चालवून गार करायचे आणि मगच चंदी घालायची. चार वर्षे हा नेम चुकला नाही. पदवी हातात पडल्यावर बरोबरीची मुले स्पर्धा परीक्षेच्या क्लासला गेली. ही म्हणाली, “मामा, मला घोड्यांचंच काम शिकायचंय.”

दाजी कपाळाला हात लावून बसले. पुरंदर तालुक्यात त्यांची पाच एकर जमीन, त्यातली दोन भिजते. मुलीच्या शिक्षणाला त्यांनी पोटाला चिमटा घेतला होता. “चार वर्षं फी भरली ती लीद काढायला का?” असे ते म्हणाले, आणि बापाच्या जागी उभे राहून पाहिले तर त्यात गैर काही नव्हते. घोडा पाळणे हा श्रीमंताचा शौक, अशीच आपली समजूत आहे.

भाचीने त्यांना २०२३ सालची गोष्ट सांगितली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाज म्हणून एक प्रकार असतो. त्यात घोड्याला ठरल्या चालीने, तालात चालवून दाखवायचे असते. सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुश अगरवाला या चौघांनी त्यात भारताला सांघिक सुवर्णपदक मिळवून दिले. घोडेस्वारीत आपल्याला १९८२ च्या दिल्ली स्पर्धेनंतर, म्हणजे ४१ वर्षांनी सुवर्ण मिळाले.

दाजी म्हणाले, “ती युरोपात जाऊन शिकलेली पोरं. आपल्याला कुठून झेपायचं?”

“दादा, पदक घेताना एक स्वार दिसतो. त्याच्यामागं मोतद्दार असतो, नालबंद असतो, डॉक्टर असतो, चंदी ठरवणारा असतो. मला त्या माणसांत बसायचंय.”

शेवटी अक्काने निकाल दिला. “डाळिंबाच्या रोपाला आपण दोन वर्षं थांबतो. पोरीला एक वर्ष देऊ.” मी ती मुदत कागदावर लिहून काढली आणि दोघांच्या सह्या घेतल्या.

आजकाल ज्याला इंटर्नशिप म्हणतात ती आपली जुनी उमेदवारीच. शिवाजी महाराजांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असत. बारगिराला घोडा सरकारचा मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा आणी. उमेदवार म्हणजे बारगीर. घोडा दुसऱ्याचा, दाणावैरण दुसऱ्याची, आपले फक्त कष्ट आणि डोळे.

जानेवारीत भाची पुण्याकडच्या एका स्टड फार्मवर दाखल झाली. राहणे-जेवणे आणि महिना आठ हजार रुपये. तो घोड्या विण्याचा हंगाम. घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते आणि बहुधा रात्री विते, म्हणून रात्रपाळी. तिथे शिकलेला एक हिशेब तिने मला कळवला. शिंगरू तासाभरात उभे राहिले पाहिजे, दोन तासांत प्यायले पाहिजे आणि तीन तासांत घोडीची वार पडली पाहिजे. यात उशीर झाला की डॉक्टरला बोलवायचे. गाईची वार पडायला आपण आठ-दहा तास वाट बघतो, तसे घोडीच्या बाबतीत करून चालत नाही. चिकाचे महत्त्व मात्र वासराला तेवढेच शिंगरालाही. ते पहिल्या काही तासांतच पोटात गेले पाहिजे.

तिथे एक म्हातारा मोतद्दार होता. शाळेचे तोंड न पाहिलेला, पण तिचा खरा गुरू तोच. त्याने तिला सांगितले, “बैल रवंथ करतो, घोडा करत नाही. घोड्याला ओकताही येत नाही. जे पोटात गेलं ते गेलं.” घोड्याचे जठर लहान असते, म्हणून वैरण थोडी थोडी पण दिवसभर हवी, चंदी बेताची हवी आणि बुरशी लागलेली वैरण तर दाखवायचीही नाही. नाहीतर पोटशूळ उठतो आणि चांगला जातिवंत घोडा एका रात्रीत जातो. मार्चमध्ये अशी एक घोडी तिच्यादेखत गेली. त्या रात्री तिने अक्काला फोन केला. बोलली काहीच नाही, नुसती रडत होती. अक्काने फोन कानाशी धरून ठेवला.

तिथेच तिला दोन जिवाभावाची माणसे मिळाली. एक तिच्या खोलीतली मारवाडकडची मुलगी, घरी पिढ्यान्‌पिढ्या घोडी असलेली. दुसरा मिरजेकडचा टांगेवाल्याचा मुलगा. टांगा बंद पडला, पण बापाने नालबंदी शिकवून ठेवली होती. कानस कशी धरायची, टाप किती घासायची हे भाचीला त्याने शिकवले. ती त्या दोघांना संध्याकाळी चाऱ्या-खताचे शास्त्र सांगे. जात, भाषा, मुलूख वेगळा, पण पहाटे पाचची लीद सगळ्यांना सारखीच.

जुलैपासून ती शहरातल्या एका रायडिंग स्कूलमध्ये लागली. ऑक्टोबरात एक कोवळा घोडा उडत आलेल्या प्लास्टिकच्या पिशवीला बुजला आणि ही खाली आली. डोक्यावर हेल्मेट होते म्हणून डोके वाचले, पण गळपट्टीचे हाड मोडले. मालकाने पहिल्या दिवसाचा खर्च दिला आणि पुढे हात वर केले, कारण लेखी काहीच नव्हते. दाजी तिला कायमची घरी आणायला निघाले, मीही बरोबर गेलो. खोलीत पाहतो तर मारवाडची मुलगी रात्रीच्या बसने येऊन तिची वेणी घालत बसलेली आणि मिरजेचा मुलगा औषधाच्या पावत्या लावून हिशेब लिहीत होता. दाजी काही बोलले नाहीत. पावत्यांचे पैसे त्यांनी मोजून त्याच्या हातात ठेवले. त्याने आधी नको म्हटले, मग घेतले.

ती घरी आली तेव्हा दिवाळी तोंडावर होती. धनगरांचा एक वाडा कोकणाकडे निघाला होता आणि दाजींच्या रानात त्यांच्या मेंढ्या बसल्या होत्या. त्यांचे बिऱ्हाड वाहणारे एक तट्टू लंगडत होते. आपल्या भागातली ही काटक तट्टे भीमथडीची. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेच्या नोंदीत भीमथडी ही आता घोड्याची स्वतंत्र जात आहे, हे त्या धनगरबाबांना माहीत नव्हते आणि खरे सांगायचे तर दाजींनाही नव्हते. एक हात गळ्यात अडकवलेला, तरी पोर तट्टाजवळ जाऊन बसली. टाप वाढून कड फुटली होती आणि फटीत खडा रुतला होता. मिरजेहून मित्र मोटारसायकलवर आला. हिने सांगायचे आणि त्याने करायचे. खडा काढला, जखम धुतली, वाढलेली टाप घासून सारखी केली आणि डॉक्टरांकडून धनुर्वाताचे इंजेक्शन देववले. चौथ्या दिवशी तट्टू ओझे घेऊन नीट चालू लागले.

जाताना धनगरबाबांनी दाजींकडून मेंढ्या बसवल्याचे धान्य घेतले नाही. “पोरीची मजुरी फिटली,” म्हणाले. दोन पोती बाजरी घरात राहिली. पोरीची पहिली कमाई अशी धान्याच्या रूपाने कणगीत पडली.

त्यानंतर तिघे पांगले. मारवाडची मुलगी आपल्या बापाची घोडी सांभाळायला गेली, मित्राला पुण्यात नालबंदीचे काम मिळाले. भाची म्हणते, “मामा, हाडापेक्षा ते जास्त दुखलं. पहाटे पाचला जाग यायची आणि उठून कुठं जायचं तेच कळायचं नाही.” हा काळ फार अवघड असतो, मंडळी. शिकणे संपलेले असते आणि काम सुरू झालेले नसते. पोरे चिडचिड करतात, आपण त्याला आळस म्हणतो. अशा वेळी त्यांना टोचून बोलू नये, रोजचे एखादे काम हाती द्यावे. अक्काने तिला गाईंची धार सोपवली.

हाड जुळले. आता ती आठवड्यातून तीन दिवस दुसऱ्या एका रायडिंग स्कूलमध्ये मुलांना शिकवते. इथे मात्र पगार आणि अपघात विमा आधी लिहून घेतला. उरलेले दिवस वाड्या-वस्त्यांवर जाऊन तट्टांच्या टापा करते. टापा दर सहा ते आठ आठवड्यांनी कराव्या लागतात, म्हणजे काम पुन्हा पुन्हा येणारे आहे. गेल्या महिन्यात सगळे मिळून चौदा हजार हाती आले. क्लासला गेलेल्या तिच्या मैत्रिणीला नोकरी लागली, तिला यापेक्षा पुष्कळ जास्त मिळतात. हेही सांगितले पाहिजे.

मधे एक स्थळ आले होते. चहा-पोहे झाल्यावर पाहुण्यांनी विचारले, “लग्नानंतर हे सोडेल ना?” भाची काही बोलायच्या आत दाजी म्हणाले, “सोडणार नाही. आधीच सांगतो.” पाहुणे गेले, परत निरोप आला नाही. अक्काला दोन दिवस जेवण गेले नाही.

ज्यांची पोरे अशा आडवाटेच्या कामाला निघाली आहेत त्यांना माझे सांगणे एवढेच. मुदत ठरवा आणि ती पाळा. राहण्याची जागा स्वतः पाहून या. पगार, सुट्टी आणि अपघाताचा खर्च लेखी घ्या. जनावरांत काम असेल तर धनुर्वाताची लस टोचून घ्या. बरोबरीची मुले कोण आहेत ते विचारा, कारण अडल्यावेळी आपल्या आधी तीच पोहोचतात. आणि फोनवर ‘किती मिळाले?’ या प्रश्नाआधी ‘काय शिकलास, काय शिकलीस?’ असे विचारा.

कागदावरचे वर्ष केव्हाच संपले. परवा मी त्याची आठवण केली तेव्हा दाजींनी तो काढला, ‘एक’ खोडून ‘दोन’ केले आणि खाली पुन्हा सही केली. पुढच्या पाडव्याला हिशेब होईल. तोवर भाचीला एक तट्टू विकत घ्यायचे आहे, भीमथडीचेच. पैसे साठवते आहे. गोठ्यातली एक दावण दाजींनी रिकामी करून ठेवली आहे.