रेघ फिकट म्हणजे विष जास्त

२ ऑगस्ट २०१४, शनिवार. आम्ही अमेरिकेत ओहायोतल्या टोलीडो शहरात राहतो. पहाटे मैत्रिणीचा फोन आला, "नळाचं पाणी पिऊ नकोस. उकळूनसुद्धा नाही." ईरी सरोवरातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं मायक्रोसिस्टिन हे विष शहराच्या पाण्यात उतरलं होतं. ते उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि विषाचं प्रमाण वाढतं.

घरात वरच्या दुधावरचं बाळ. दुकानांतल्या बाटल्या संपलेल्या. नवरा मिशिगनमध्ये जाऊन पाणी घेऊन आला. सोमवारी मनाई उठली, पण बाळाची बाटली नळाखाली धरायला पुढे बरेच दिवस माझं मन धजत नव्हतं.

नंतर मी काठावरचं पाणी तपासणाऱ्या स्वयंसेवकांत गेले. तिथे हातात मावेल असा मीटर होता. तो पाण्यात प्रकाश सोडून शेवाळातलं फायकोसायनिन हे रंगद्रव्य मोजतो. आकडा लगेच मिळतो, पण तो शेवाळाचा असतो, विषाचा नाही. एकदा आकडा खूप चढला, तरी विष सापडलं नाही. सगळंच शेवाळ विष तयार करत नाही.

सप्टेंबरमध्ये उलट झालं. तवंग विरला, पाणी नितळ दिसू लागलं, मीटरही खाली आला. तरी चाचणीच्या पट्टीवर विष दिसलं. पेशी मरून फुटल्या की आतलं विष पाण्यात मिसळतं आणि तिथेच काही दिवस राहतं. जवळच पोरं डुंबत होती. त्यांना बाहेर बोलावताना माझा आवाज कापत होता.

पट्टी वापरताना आधी किटमधल्या कुपीत नमुना घालून पेशी फोडाव्या लागतात. ते केलं नाही तर पेशींतलं विष मोजलंच जात नाही. मग पट्टी बुडवायची. चाचणीची रेघ जितकी फिकट, तितकं विष जास्त. कोविडच्या पट्टीच्या बरोबर उलट. नवीन माणसं इथे हमखास गोंधळतात. वारा ज्या काठाला तवंग लोटतो, तिथलाही नमुना घ्यावा. पट्टीवर विष दिसलं, तर गडद काचेच्या बाटलीत, बर्फावर ठेवून नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.

पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे. तेवढं विष डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पाणी प्यायचं की नाही, हे प्रयोगशाळेच्या आकड्यावरच ठरवा. आणि पाण्यावर हिरवा तवंग दिसला, तर कुठल्याही चाचणीची वाट न पाहता मुलांना आणि कुत्र्यांना आधी लांब न्या.