विजापूरच्या मेहराबीतले सोने

लोणी काळभोरकरांना सोलापूर रस्ता म्हणजे टँकरची वर्दळ, आषाढीला तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम आणि पुण्याची रोजची ये-जा. हाच रस्ता धरून सोलापूर गाठले आणि तिथून दक्षिणेला वळले, की शंभरेक किलोमीटरवर विजापूर. फजर पढून निघालात तर जुहरला जामा मशिदीत पोहोचता येते.

बहुतेक लोक गोलघुमट पाहून, घुमटात आवाज देऊन परततात. आधी मशीद पाहावी, असे माझे मत आहे. पहिल्या अली आदिलशाहने 1565 च्या तालिकोट लढाईनंतर ती बांधायला घेतली. कमानी साध्या, चुन्याने सारवलेल्या. नजर कुठे अडत नाही. अडते ती एकदम मेहराबीपाशी. तिथे सोने आणि रंग आहेत. खोटे कोनाडे, त्यांत रचलेली पुस्तके, फुलदाण्या, साखळीने टांगलेली धूपदाने, सगळे सपाट भिंतीवर रंगवलेले. माणूस किंवा प्राणी मात्र एकही नाही.

हे काम मुहम्मद आदिलशाहने हिजरी 1045 मध्ये, म्हणजे 1636 च्या सुमारास करवून घेतले. या सुलतानाला स्वतःची तसबीर वर्ज्य नव्हती. वजीर इख्लास खानासोबत तो हत्तीवरून निघाल्याचे चित्र हैदर अली आणि इब्राहीम खान या चित्रकारांनी काढलेले आहे. पण तो चेहरा दरबारापुरता. मशिदीत आले ते फक्त नाव. तेही अशा फारसी मजकुराशेजारी, जो आयुष्य थोडे आहे, त्यावर विसंबू नका, हे जग विसाव्याची जागा नाही, असे बजावतो. काम पुरे करणारा मलिक याकूब स्वतःला मशिदीचा सेवक म्हणवतो.

आपल्याकडे पंख्याच्या पात्यावरही देणाऱ्याचे नाव रंगवतात, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही!

तरी एक प्रश्न उरतोच. नक्षीदार चादरीने नमाजमध्ये लक्ष विचलित झाले, म्हणून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती अबू जहम (रजि.) यांच्याकडे परत पाठवली आणि साधी चादर मागवली, अशी हदीस सहीह बुखारीत आहे. इमामाच्या अगदी समोर एवढे सोने कशाला? कारागिरी पाहून मी थक्क झालो. पण नमाजला उभे राहायचे तर मागची सफ बरी वाटली. तिथून दिसते ती फरशी. एकेका नमाजीपुरते आखलेले चौकोन, सव्वादोन हजारांच्या आसपास. त्यांवर सोने नाही, कोणाचे नावही नाही.

गोलघुमट तिथून जवळच आहे. 1656 मध्ये वारलेला हाच सुलतान तिथे दफन आहे. वर दिसते ती केवळ कबरीची खूण. खरी कबर खाली तळघरात आहे.