गोणीवर गोणी

भिवंडीच्या माणसाला कोणतीही गोष्ट गोणीत भरून दाखवली, की समजते. माझी हयात अंजूर फाट्यावर ट्रान्सपोर्टच्या कचेरीत बिल्ट्या फाडण्यात गेली. त्यामुळे भाचा ‘मामा, मी स्विचवर टनेल टाकतो’ म्हणाला, तेव्हा मला कसारा घाटातला बोगदाच दिसला.

‘तसं नाही हो! काल्हेरच्या गोदामवाल्याचं एक ऑफिस इथं, एक मुंबईला. त्यानं हिशेबखात्याला दहा नंबर दिलाय, कॅमेऱ्यांना वीस. हे त्याचे व्हीलॅन. शेजारच्या सायझिंगवाल्याकडेही दहा नंबर आहेच. दोघांचा माल आमच्याच तारेतून जायचा. मग?’

‘मग काय, याचा हिशेब त्याच्या दारात!’

बरं, नंबर तरी मुबलक असावेत? एकूण ४०९६. पैकी पहिला आणि शेवटचा राखीव, उरले ४०९४. भिवंडीत यंत्रमाग याहून कितीतरी जास्त! म्हणून हा पठ्ठ्या गिऱ्हाइकाच्या नंबराला हात न लावता त्यावर कंपनीचा नंबर चढवतो. गोदामवाल्याला १०१, सायझिंगवाल्याला १०२. वाटेतले स्विच बाहेरचाच नंबर वाचतात. पलीकडे पोचल्यावर तो उतरवायचा. आतला दहा जसाच्या तसा. या पद्धतीचं ८०२.१एडी नावाचं प्रमाण २००५ साली ठरलं. आम्ही पार्टीच्या मार्क्यावर आमचा बिल्टी नंबर घालत होतो, त्याचं प्रमाण मात्र कुणी ठरवलं नाही.

एकदा एका गोदामातून तक्रार आली. पिंग पोचतो, पण दिवसभराच्या मालाची यादी पोचत नाही. म्हणजे चिठ्ठी जाते, चोपडी अडते! बाहेर ट्रक ताटकळलेले. नगावर मजुरी घेणारे हमाल बिड्या ओढत बसलेले. भाच्यानं रात्रभर जागून शोध लावला. पहिल्या नंबरानं १५१८ बाइटांची भरगच्च गोणी १५२२ होते, दुसऱ्यानं १५२६. वाटेतल्या एका स्विचची कमान होती १५२२ची. छोट्या गोण्या खालून सटकत; भरलेली आली की स्विच ती गुपचूप फेकून देई. आमचा मुकादम निदान शिव्या तरी द्यायचा! भाच्यानं कमान उंच केली, तेव्हा ट्रक हलले.

‘आतला माल तुम्हाला दिसतो का रे?’ मी विचारलं.

‘बघायचाच म्हटला तर दिसेल. ही गोणी आहे मामा, तिजोरी नव्हे. कुलूप ज्याचं त्यानं लावायचं.’

सुतळी कापायला आम्हालाही कुणी अडवलं नव्हतं. आम्ही ती कापली नाही, म्हणून पार्ट्या तीस-तीस वर्षं टिकल्या. भाच्याला मी तेवढंच सांगितलं. बाकी धंदा त्याला येतोच आहे.