जागल्या कोणासाठी जागतो?

गेल्या वर्षी आमच्या वसाहतीची सभा भरली, तेव्हा विषयपत्रिकेवर एकच विषय होता : सुरक्षितता. चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गापासून हाकेच्या अंतरावर असलेली ही चोवीस घरांची लहानशी गृहनिर्माण संस्था. मागे डोंगरांची रांग, समोर रात्रंदिवस धावणाऱ्या मालमोटारींची घरघर. पंधरवड्यात एका घराचे कुलूप तुटले होते आणि एका अंगणातून दुचाकी नाहीशी झाली होती. लोकांची भीती खोटी नव्हती. फाटकावर कॅमेरा, रात्रीची गस्त आणि फेरीवाल्यांना व भिक्षेकऱ्यांना बंदी असे तीन ठराव एकमताने संमत झाले. बोलता बोलता ‘हे लोक मुले पळवतात’ असेही कोणी तरी म्हणून गेले. त्यावर कोणी हरकत घेतली नाही. धर्मगुरू म्हणून मान देऊन मला अध्यक्षस्थानी बसविले होते. हरकत मीही घेतली नाही. ठरावांखाली पहिली सही माझी आहे.

त्यानंतर महिनाभरातली गोष्ट. आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. सारी वसाहत त्यांना ‘बाई’ म्हणते. एका रात्री त्या न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. दोन रात्री आणि मधला एक अख्खा दिवस त्या थंडगार फरशीवर पडून होत्या. त्या दिवशी मी त्यांच्या दारावरून दोनदा गेलो. कडीला दुधाची पिशवी लोंबकळत होती, ती मी पाहिली. ‘मुलाकडे गेल्या असतील,’ असे मनाशी म्हणून मी पुढे झालो. दुसऱ्या दिवशी पहाटे दूधवाल्याला कालची पिशवी तशीच दिसली. त्याने दार ठोठावले, हाका मारल्या, शेजाऱ्यांना उठविले. दार फोडले, तेव्हा बाई शुद्धीवर होत्या.

कॅमेऱ्याने आपले काम चोख केले होते. त्या दोन रात्रींत फाटकातून आत आलेल्या प्रत्येक वाहनाची त्याच्याकडे नोंद होती. गस्तवाले शिट्टी वाजवीत बाईंच्या खिडकीखालून गेले होते. आम्ही सारे जागे होतो. मात्र आमची तोंडे फाटकाकडे होती.

इस्पितळात भेटायला गेलो, तेव्हा बाईंनी माझा हात धरला. “फादर, तुमच्या चपलांचा आवाज ओळखला होता मी. हाक मारायचा खूप प्रयत्न केला, पण घशातून आवाजच फुटेना.” त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा लवलेश नव्हता. म्हणूनच ते शब्द मला अधिक लागले. काइनाने देवाला विचारलेल्या त्या जुन्या प्रश्नावर मी कितीदा प्रवचन केले आहे! त्या दिवशी दारापुढून जाताना तोच प्रश्न माझ्या पावलांनी विचारला होता.

परतताना मला सभेतले ते वाक्य आठवले आणि त्याबरोबर १ जुलै २०१८ हा दिवसही. त्या रविवारी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या राईनपाड्यात आठवड्याचा बाजार होता. भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठेचून मारले. मोबाईलवरून फिरलेल्या अफवेखेरीज त्यामागे काही नव्हते. त्याच दिवशी, आमच्याच महामार्गावर चांदवडच्या पुढे असलेल्या मालेगावात, तशाच संशयाने एका कुटुंबावर जमाव चालून गेला. तेथे मात्र स्थानिक रहिवाशांनी त्यांना घरात घेतले आणि पोलिसांनी त्यांना सुखरूप बाहेर काढले. अफवा एकच. एका गावी दार लावले गेले ते मारण्यासाठी, दुसऱ्या गावी वाचविण्यासाठी. राईनपाड्यातील माणसेही आपल्या लेकरांना जपायलाच धावली होती, हे विसरून चालणार नाही. दक्षतेला माणसाची ओळख नसली, की तिचे रूपांतर संशयात व्हायला वेळ लागत नाही.

आपल्या जुन्या गावगाड्यात जागल्या असे. रात्रीची राखण त्याच्याकडे असे. तो गावचाच असल्याने कोणत्या घरात कोण आहे, हे त्याला ठाऊक असे. हे काम बहुधा रामोशी, भिल्ल, महार अशा समाजांकडे असे. ज्यांना गाव दूर ठेवी, त्यांच्याच भरवशावर गाव निर्धास्त झोपे. आमच्या वसाहतीतही कडीकडे लक्ष गेले ते बाहेरून येणाऱ्या दूधवाल्याचेच.

पुढच्या सभेत मी प्रथम दुधाच्या पिशवीची हकिकत सांगितली. माझी चूक कबूल केली. कॅमेरा राहिला, गस्तही राहिली. परंतु एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी झाली. प्रत्येकाची एक किल्ली शेजारी आणि मुलांचे दूरध्वनी क्रमांक कार्यवाहांकडे असावेत असे ठरले. वास्तविक ज्येष्ठांसाठीच्या २००७च्या कायद्याखाली राज्याने २०१० साली केलेल्या नियमांत, पोलीस ठाण्याने अशा वृद्धांची यादी ठेवावी अशी तरतूद आहे. ती यादी करण्यास आपण साहाय्य करू शकतो. संकटकाळी ११२ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे क्रमांक आता प्रत्येक घरी लिहून लावले आहेत. फेरीवाल्यांवरील बंदी उठविण्यावर मात्र कडाक्याचा वाद झाला. चौघांनी विरोध केला, आणि त्यांतले दोघे अजून माझ्याशी मोकळेपणाने बोलत नाहीत. ते ज्यांच्या घरी चोरी झाली, त्यांच्यापैकीच आहेत. त्यांची भीती दूर करणे हेही शेजारधर्माचेच काम आहे, आणि ते अजून माझ्याकडून झालेले नाही.

बाई आता काठी घेऊन चालतात. सकाळी त्यांच्या दारावरून जाताना मी पावले मुद्दाम सावकाश टाकतो. आतून आवाज येतो, “आहे हो फादर, मी आहे!” मग मी पुढे जातो.