हिनाच्या वर्गशिक्षिका

‘मार्च कम्स इन लाइक अ लायन’ या जपानी ॲनिमेचा पहिला सीझन (२०१६-१७) मला आवडला तो शोगी खेळणाऱ्या रेईपेक्षाही कावामोतो बहिणींच्या घरामुळे. तिघी बहिणी, आजोबांचं मिठाईचं दुकान, गरम गरम जेवण. दुसऱ्या सीझनमध्ये (२०१७-१८) त्याच घरातली मधली हिना शाळेतून रडत येते. छळ होणाऱ्या मैत्रिणीची तिने बाजू घेतलेली. मैत्रीण शाळा सोडून जाते, आणि छळ हिनाच्या वाट्याला येतो.

हे भाग पाहणं जड गेलं. छळणाऱ्या ताकागीपेक्षा मला जास्त राग आला वर्गशिक्षिकेचा. बाई दुष्ट नाहीत हो, थकलेल्या आहेत. प्रकरण वाढू नये, एवढंच त्यांना हवंय. शेवटी भर वर्गात कोसळतात. अशा बाई (आणि सरही!) मी शिक्षकखोलीत पाहिले आहेत.

मग कोकुबु सर वर्ग हाती घेतात आणि मुलींशी बोलत बसतात. माफी मागितली जाते, पण हिनाचं मन लगेच निवळत नाही. आपल्या गोष्टींत अशा वेळी दोघींना गळ्यात गळा घालून उभं करतात. इथे नाही केलं, ते बरं वाटलं. सर ताकागीलाही वाऱ्यावर सोडत नाहीत.

नात म्हणते, “आजी, ते भाग गाळून पुढचे बघ ना.” मी तेच परत लावते.