बाळाच्या वाटीतले पाणी

पहिले सहा महिने तान्ह्या बाळाला लागणारे सगळे पाणी आईच्या दुधातच असते. अंगावरच्या दुधात सुमारे ८७ ते ८८ टक्के पाणीच असते. वैशाखात चंद्रपूर-अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेला, तरी अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळाला वरचे पाणी लागत नाही. उन्हाळ्यात बाळ अधिक वेळा प्यायला मागते आणि आपली तहान तसे भागवते. पाणी जास्त प्यायचे असते ते आईने.

‘दोन चमचे पाण्याने काय होते?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, आणि त्याचे उत्तर गंभीर आहे. बाळाचे पोट लहान असते. ते पाण्याने भरले की बाळ कमी ओढते, आणि कमी ओढले की आईचे दूधही कमी होत जाते. मूत्रपिंडे अजून कच्ची असल्याने जास्तीचे पाणी झटपट बाहेर टाकता येत नाही. त्यामुळे रक्तातले सोडियम उतरते, बाळ सुस्त पडते आणि प्रमाण वाढले तर झटके येतात. शिवाय प्रत्येक चमच्याबरोबर जंतूंना वाट मिळते. गुटी हे तर पहिल्या जंतुसंसर्गाचे ठरलेले निमित्त. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग यांच्या गुणांची चर्चा होते. पण सहाण कशी धुतली, ती कुठे ठेवली होती आणि उगाळायला पाणी कोणत्या भांड्यातले घेतले, हे कोणी विचारत नाही. गुटीत मध घालणे आणखी धोक्याचे. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि ते साध्या उकळण्याने मरत नाहीत. म्हणून वर्षाच्या आत मध अजिबात नाही.

काही बाळांना डब्याचे दूध देण्यावाचून इलाज नसतो. तिथे मात्र पाणी हा आहाराचा अर्धाअधिक भाग होतो आणि ते बनवण्याची रीत औषधाइतकी काटेकोर लागते. डब्यातली पावडर निर्जंतुक नसते, ही गोष्ट डबा विकत घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू क्वचित असतो आणि नवजात बाळात तो मेंदूज्वर घडवतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ते किमान ७० अंश सेल्सिअस असतानाच पावडर मिसळायची. मग भांडे गार पाण्यात धरून दूध कोमट करायचे. आपल्याकडे नेमके उलटे होते. पाणी आधी कोमट करतात आणि त्यात पावडर टाकतात, म्हणजे पावडरीतल्या जंतूला वाढायला हवी तशी ऊब मिळते. आधी पाणी मोजायचे, मग डब्यातल्याच चमच्याने पावडर. डबा पुरवायला एक चमचा कमी घातला तर बाळ उपाशी राहते आणि सोडियमही उतरते. ‘अंग धरावे’ म्हणून चमचा वाढवला तर बाळाच्या शरीरातले पाणी आटते. तयार दूध दोन तासांच्या आत संपवायचे आणि उरलेले टाकून द्यायचे. बाटली टाळावी, वाटी-चमचा किंवा जुने बोंडले वापरावे. त्यांचा कानाकोपरा बोटाने घासता येतो, बाटलीच्या बुचाचा आतला भाग घासता येत नाही. बाटलीची आणि डब्याची जाहिरात करायला भारतात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामागचे एक कारण हेच.

सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू होते तेव्हा घोट-घोट पाणी द्यायला हरकत नसते. ते कोणते घ्यावे, हा प्रश्न इथून पुढे येतो. नळ, हातपंप, बोअर, उघडी विहीर, टँकर आणि जार यांत सगळ्यात भरवशाचे म्हणजे ज्यात मोकळा क्लोरीन शिल्लक आहे असे नळाचे पाणी. घरापर्यंत पोहोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असा भारतीय मानक आयएस १०५०० चा दंडक आहे. गावात जलसुरक्षक पाण्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकतो आणि उरलेला क्लोरीन पाहण्यासाठी ओ.टी. टेस्ट करतो ती यासाठीच. क्लोरीनचा किंचित वास आला की लोक ‘पाण्याला औषध मारलंय’ म्हणून ते ओतून देतात. खरे तर तो वास पाणी राखले गेल्याची खूण आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रामपंचायतींच्या जलस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. घरात तान्हे बाळ असेल तर आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे ठाऊक असायला हवे.

जंतू मारण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय अजूनही उकळणे हाच आहे. पाणी खदखदून उकळू लागले की एक मिनिट पुरे. वीस मिनिटांचा जुना सल्ला गॅस जाळतो, अधिक काही मारत नाही. समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर तीन मिनिटे उकळावे म्हणतात; महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे, तेव्हा इथे कोणालाच ती गरज नाही. त्या शिखरावर पाणी ९४-९५ अंशांना उकळत असले तरी रोगजंतू त्याच्या कितीतरी आधी मरतात. गढूळ पाण्यावर तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. तुरटीने निवळलेले पाणी गाळून उकळायचेच असते. गाळण्याचे महत्त्व मात्र कमी नाही. बांगलादेशातल्या खेड्यांत रीटा कोलवेल यांच्या गटाने जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळायला लावले, तेव्हा पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटले. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. उकळणे शक्य नसेल तिथे मेडिक्लोरसारखे क्लोरीनचे थेंब किंवा गोळी बाटलीवरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबायचे. तो अर्धा तास वगळला तर थेंब टाकण्याला अर्थ उरत नाही.

उकळण्याने काय होत नाही, हेही तितकेच नीट समजून घ्यावे लागते. पाण्यात विरघळलेले नायट्रेट, फ्लोराइड आणि क्षार उकळून जात नाहीत. उलट वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण वाढते. १९४५ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डॉ. हंटर कॉमली यांनी शेतातल्या विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिऊन निळी पडलेली बाळे नोंदवली. नायट्रेटचे पोटात नायट्राइट होते, ते हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद हिरावते आणि ओठ-नखे निळसर पडतात. सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळांना हा धोका सर्वाधिक. आईने तेच पाणी प्यायले तरी तिच्या दुधात नायट्रेट फारसे उतरत नाही. आपल्या मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात सवलत नाही. विदर्भ-मराठवाड्यात, जिथे खत, शेणखत आणि शौचखड्ड्यांचे पाणी विहिरीत झिरपते, तिथे अनेक ठिकाणी ही मर्यादा ओलांडली जाते. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या वर जाते आणि पहिल्या काही वर्षांत, हिरडीच्या आत कायमचे दात घडत असतानाच, त्यांवर डाग धरतात. ही दोन्ही चव-वासाने कळत नाहीत, प्रयोगशाळेतच कळतात. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत दिलेला एक नमुना घरातल्या साऱ्या अंदाजांपेक्षा मोलाचा.

इथेच टीडीएसच्या वादाला हात घालावा लागतो, कारण गेल्या दोन दशकांत पाण्याबद्दल पालकांची जितकी दिशाभूल या तीन अक्षरांनी केली तितकी दुसऱ्या कशानेही केलेली नाही. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचे माप. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड सगळे त्या एका आकड्यात येते. हातातले पेनासारखे यंत्र तर तेही थेट मोजत नाही. ते पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि तिच्यावरून आकडा दाखवते. पटकी, विषमज्वर, कावीळ आणि रोटाव्हायरस यांतले काहीही त्या यंत्राला दिसत नाही. गटाराचे पाणी मिसळलेल्या नळाचा टीडीएस १५० असू शकतो आणि निर्धोक विहिरीचा ४५०. मानकानुसार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी सर्वथा चांगले आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालते. मुंबईला भातसा-वैतरणेचे आणि पुण्याला खडकवासल्याचे पाणी मिळते. सह्याद्रीच्या पावसाचे हे पाणी जात्याच हलके, टीडीएस साधारणपणे २०० च्या बरेच खाली. त्यावर आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारे यंत्र, बसवणे म्हणजे मुळात नसलेला दोष काढण्यासाठी बादलीभर पाणी मोरीत सोडणे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० च्या आतल्या टीडीएसच्या पाण्याला आरओ नको, अशी भूमिका घेतली ती याच कारणाने.

विक्रीच्या प्रात्यक्षिकात दोन ग्लासांत लोखंडी कांड्या बुडवून वीज सोडतात. नळाचे पाणी तपकिरी, गढूळ होते आणि आरओचे स्वच्छ राहते. घरातली आजी ते पाहून घाबरते आणि नातवासाठी यंत्र विकत घेतले जाते. प्रत्यक्षात तो गाळ पाण्यातला नसतोच. क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते, कांडीचे लोखंड विरघळते आणि त्याचा गंज ग्लासात दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार फार थोडे, वीज जेमतेम वाहते, कांडी जवळपास तशीच राहते. बाळाच्या काळजीचा असा बाजार मांडणे निंद्य आहे. आरओची खरी गरज जिथे आहे तिथे ती निःसंशय आहे: पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारट भूजलाच्या प्रदेशात, आणि नायट्रेट किंवा फ्लोराइड सिद्ध झालेल्या गावांत. पण तिथेही आरओमधून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, म्हणून ते साठवताना पुन्हा दूषित होणे सोपे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गिया-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. काही रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडला, पाण्याकडे संशय गेला. त्या वेळी महापालिकेने केलेल्या तपासणीत काही खासगी आरओ प्रकल्पांचे पाणीही दूषित आढळले. थंडगार जारचेही तेच: गारवा म्हणजे शुद्धता नव्हे. ज्या जारवर उत्पादकाचे नाव, परवाना आणि तारीख नाही, त्यातले पाणी बाळासाठी उकळल्याशिवाय वापरू नये.

शुद्ध केलेले पाणी बिघडते ते बहुतेक वेळा घरातच. रुंद तोंडाच्या हंड्यात फुलपात्र बुडवताना बोटे पाण्याला लागतात आणि सकाळी उकळलेले पाणी दुपारपर्यंत पुन्हा दूषित होते. बाळाचे पाणी ज्या भांड्यात उकळले त्यातच, झाकण न काढता निवू द्यावे; तोटीच्या पिंपात किंवा अरुंद तोंडाच्या भांड्यात ठेवावे; माठ असेल तर दांड्याचे ओगराळे हवेच. दिवसाचे पाणी दिवसात संपवावे. वाटी-चमचा साबणाने धुऊन उकळत्या पाण्यातून काढावा आणि पाजणाऱ्याने हात धुवावेत.

भांड्याच्या धातूबद्दल पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे काम विसरले जाते, याची खंत वाटावी अशी स्थिती आहे. लहान मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा विकार पूर्वी महाराष्ट्रात वारंवार दिसे. डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात त्याचा माग काढला. या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अफाट होते आणि त्यांना लहान वयातच पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवलेले, साठवलेले दूध मिळत होते. स्टीलची भांडी आली, हा धोका लोकांपर्यंत पोहोचला आणि तो आजार जवळपास नाहीसा झाला. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जंतू कमी होतात हे खरे. पण मोठ्यांसाठीचा हा उपाय तान्ह्याच्या बाबतीत ओढून आणू नये, आणि तांब्याच्या भांड्यात दूध, ताक किंवा लिंबूपाणी तर मुळीच ठेवू नये. बाळासाठी साधे स्टील पुरेसे आहे.

जुलाब लागले की पाण्याचे महत्त्व आणखी वाढते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळालाही तेव्हा अंगावरचे दूध चालू ठेवून जलसंजीवनी (ओआरएस) देतात. साध्या पाण्याने गेलेले क्षार भरून निघत नाहीत. जलसंजीवनीचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकाच वेळी घालायचे. अर्धे पाकीट अंदाजाने टाकले तर क्षारांचे प्रमाण चुकते. लहान पाकिटावर २०० मिलिलिटर लिहिलेले असेल तर तितकेच पाणी घ्यायचे. मिश्रण तयार झाल्यावर पुन्हा उकळायचे नाही. झाकून ठेवून वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजायचे आणि २४ तासांनी उरले असेल ते ओतून नवे करायचे.